वंशशोधनाची परिषद आणि तरुण मंडळी

आपल्या पूर्वजांचीं नांवें, जन्मस्थानें, विवाह, धंदे व मृत्यु यांचा कागदपत्रांच्या आधारें शोध घेणें यास वंशशोधन म्हणतात. आपल्याकडे वंशावळी सांभाळण्याचें काम पूर्वीं भाट व तीर्थोपाध्ये करीत. अमेरिकेंत तें सामान्य गृहस्थांनीं व गृहिणींनीं आपल्या हातीं घेतलें, आणि पाहतां पाहतां त्याच्या संस्था, नियतकालिकें व राष्ट्रीय परिषदा निर्माण झाल्या. या परिषदांच्या चालकांस गेलीं कित्येक वर्षें एक काळजी लागून राहिली आहे. सभागृहें भरतात, पण त्यांत दिसतात तीं बहुतेक पिकल्या केसांचीं माणसें. नवीं माणसें, त्यांतहि तरुण माणसें, तेथें यावींत कशीं? प्रश्न दूरदेशचा आहे खरा. परंतु त्याचा उलगडा करूं लागलें असतां आपल्या घरांतील मुलांनीं व वडील माणसांनीं विचार करण्याजोगें त्यांत पुष्कळ सांपडतें, म्हणून त्याची हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहें.

अमेरिकेंतील या विषयाची सर्वांत जुनी संस्था बॉस्टन शहरांत १८४५ सालीं स्थापन झाली. न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी हें तिचें नांव. पुढें १९०३ सालीं वॉशिंग्टन येथें नॅशनल जीनिऑलॉजिकल सोसायटी निघाली. आरंभीं या विद्येकडे वळणारे पुष्कळ लोक आपलें कुळ किती जुनें व किती मानाचें आहे हें दाखविण्याच्या हौसेनें वळत. हा हेतु कांहीं फार थोर म्हणतां येणार नाहीं. मग १९७६ सालीं अलेक्स हेली या आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन लेखकाचें 'रूट्स' हें पुस्तक प्रसिद्ध झालें, व १९७७ च्या जानेवारींत तें टेलिव्हिजनवर लागोपाठ आठ रात्रीं दाखविण्यांत आलें. त्यांतील वंशाची सांखळी सर्वच ठिकाणीं पुराव्यास टिकत नाहीं असें पुढें तज्ज्ञांनीं दाखवून दिलें. तरीपण ज्यांच्या पूर्वजांस गुलाम म्हणून विकलें गेलें त्यांनाहि कुळ आहे व त्याचा शोध घेतां येतो, ही गोष्ट त्या पुस्तकानें घरोघर नेली. शेतकरी, मजूर, आगगाडीवरील नोकर, सर्वांचीं मुलें दप्तरखान्यांच्या दारांत उभीं राहूं लागलीं. १९८१ सालीं अटलांटा शहरीं नॅशनल सोसायटीची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, व तेव्हांपासून ती निरनिराळ्या शहरीं भरत आली आहे.

आतां एक साधा हिशेब करून पाहूं. १९७७ सालीं जो तरुण पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणजे आजच्या सभागृहांतील वृद्ध मंडळींपैकीं कित्येक त्या वेळचेच तरुण आहेत! ते आले आणि राहिले. त्यांच्या मागून तशीच दुसरी लाट मात्र आली नाहीं. लंडन येथें २००७ सालीं सुरू झालेलें या विषयाचें एक मोठें प्रदर्शन २०१७ नंतर बंद पडलें. अमेरिकेंतील ठिकठिकाणच्या मंडळांचा १९७६ सालीं स्थापन झालेला संघ २०२० सालीं नॅशनल सोसायटींत विलीन झाला. या घटनांचीं कारणें अनेक असतील. पण एका पिढीच्या उत्साहावर उभी राहिलेली संस्था त्या पिढीबरोबरच थकूं लागते, हें कोणत्याहि वाचनालयाच्या किंवा व्यायामशाळेच्या चालकास निराळें सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, वृद्धांनीं फावल्या वेळीं हा छंद करावा, मुलांना त्यांत ओढण्याची गरज काय? निवृत्त होतील तेव्हां तींहि येतील. हा आक्षेप वरवर पाहतां बरोबर वाटतो, परंतु खरी मेख येथेंच आहे. पंधरा वर्षांच्या मुलीची आजी आज सत्तर-बहात्तर वर्षांची असते. त्या आजीच्या लहानपणीं तिचीहि आजी घरांत होती, व तिचा जन्म १९०० च्या आसपासचा. म्हणजे ही मुलगी आजीजवळ बसून दोन प्रश्न विचारील तर सव्वाशें वर्षांपूर्वीं जन्मलेल्या एका बाईचा चेहरा, बोलणें, माहेरचें गांव, अंगावरील गोंदण, हें सर्व पाहिलेल्या साक्षीदाराकडून तिला ऐकावयास मिळतें. तीच मुलगी पासष्टाव्या वर्षीं निवृत्त होऊन वंशशोधनास लागली, तर विचारावयास घरांत कोणी उरत नाहीं. मग तिला फक्त कागद उरतात. आणि कागदांत नांवें असतात, पण टोपणनांवें, भांडणें, स्थलांतराचीं कारणें, 'हे दोघे सख्खे नव्हेत' यासारखीं घरगुती रहस्यें क्वचितच असतात. ज्याच्याजवळ साक्षीदार आहेत त्याला सवड व गोडी नाहीं, आणि ज्याला सवड व गोडी आहे त्याचे साक्षीदार निघून गेले आहेत, असा हा विलक्षण प्रकार आहे. तरुणांची गरज परिषदेच्या खुर्च्या भरण्यास नाहीं, ती या विद्येलाच आहे.

आतां ही परिषद असते तरी कशी तें पाहूं. एखाद्या मोठ्या शहरांतील सभागृह किंवा हॉटेल घेतात. तीन-चार दिवस सकाळपासून सायंकाळपर्यंत एकाच वेळीं अनेक दालनांत व्याख्यानें चालतात. एकांत जुनें जर्मन हस्ताक्षर कसें वाचावें, दुसऱ्यांत जमिनीच्या खरेदीखतांवरून नातें कसें ताडावें, तिसऱ्यांत रक्तसंबंध दाखविणाऱ्या डीएनए चांचणीचा अर्थ कसा लावावा. बाहेर पुस्तकें, नकाशे व संगणकाचीं साधनें विकणारे बसलेले असतात. प्रत्येकाच्या गळ्यांत नांवाचा बिल्ला, आणि बिल्ल्याखालीं रंगीबेरंगी फिती चिकटविलेल्या: हा वक्ता, हा अमुक मंडळाचा सभासद, हा प्रथमच आलेला. मुरलेल्या मंडळींच्या फिती कधीं कधीं पोटापर्यंत लोंबत असतात.

या ठिकाणीं तरुण मनुष्य कां रमत नाहीं? एक तर परिषदेचे दिवस बहुधा आठवड्याच्या कामाचे. मुलें शाळेंत आणि तरुण नोकरीवर. वर्गणी कांहीं शें डॉलर, शिवाय प्रवासाचें भाडें व राहण्याचा खर्च. पेन्शन घेणाऱ्यास हें झेपतें, महाविद्यालयाचें कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीस झेपत नाहीं. परंतु केवळ पैशाचीच अडचण असती तर ती दूर करणें सोपें होतें. तरुण चेहरा दिसला कीं जुनीं माणसें कौतुकानें भोंवतीं जमतात, 'तुमच्यासारख्यांची आम्हांस फार गरज आहे' असें म्हणतात, आपला मोबाईल नीट करून घेतात, आणि पुन्हां आपल्या परिचितांच्या टेबलाकडे वळतात. तरुणांस संगणकाचेंच वेड, असें गृहीत धरून त्यांच्यासमोर संगणकाच्याच गोष्टी काढतात. वास्तविक त्या मुलास पणजोबांचें मृत्युपत्र वाचावयाचें असतें. ज्याचें नुसतें कौतुक होतें तो पाहुणा, आणि पाहुणा पुढच्या वर्षीं आपण होऊन येत नाहीं.

प्रयत्न झाले नाहींत असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील बालवीरांच्या संस्थेनें १९७२ सालींच वंशशोधनाचें एक प्रावीण्यचिन्ह ठेविलें. तें मिळविण्यासाठीं मुलास आपली वंशावळ मांडावी लागते, एका तरी नातेवाइकाची मुलाखत घ्यावी लागते व एक तरी मूळ नोंद मिळवावी लागते. नॅशनल सोसायटीनें १९८६ सालीं मिल्टन रुबिनकॅम या आपल्या ज्येष्ठ संशोधकाच्या सन्मानार्थ शाळकरी मुलांच्या लेखनासाठीं पारितोषिक सुरू केलें. २०१३ सालीं तरुण वंशशोधकांनीं स्वतःच 'नेक्स्टजेन जीनिऑलॉजी नेटवर्क' नांवाची संस्था काढली. हेतु हा कीं, परिषदेंत एकटा पडलेल्यास आपल्या वयाचीं चार माणसें तरी भेटावींत. या सर्वांत मला बालवीरांची योजना अधिक पसंत आहे. पारितोषिक एकास मिळतें व दहांचीं तोंडें उतरतात. चिन्ह जो काम करील त्या प्रत्येकास मिळतें, आणि त्या निमित्तानें आजोबांसमोर वही घेऊन बसणें भाग पडतें.

सॉल्ट लेक सिटी येथील गोष्ट थोडी निराळी आहे. मॉर्मन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पंथानें १८९४ सालीं तेथें वंशशोधनाची संस्था काढली. १९३८ पासून या संस्थेनें देशोदेशींच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचीं मायक्रोफिल्मवर छायाचित्रें घेतलीं, आणि पुढें तीं 'फॅमिलीसर्च' या नांवानें इंटरनेटवर विनामूल्य खुलीं केलीं. २०११ पासून तिच्या वतीनें 'रूट्सटेक' ही परिषद भरते. २०२१ सालीं साथीच्या रोगामुळें ती घरबसल्या पाहण्यासाठीं फुकट ठेवण्यांत आली, तेव्हां जगभरांतून दहा लक्षांहून अधिक लोकांनीं तिचा लाभ घेतला. प्रवास नाहीं, वर्गणी नाहीं. तरुणांची अडचण सुटलीच म्हणावयाची! पण पडद्यावर व्याख्यान पाहणाऱ्यास शेजारीं कोणी नसतो, आणि 'हें अक्षर द कीं ठ?' हें शेजाऱ्यासच विचारावयाचें असतें.

मग तरुण येतात केव्हां? माझ्या मतें, त्यांच्या हातीं खरें काम दिलें म्हणजे. याचें एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखें आहे.

अमेरिकेंत १८६० सालीं सुमारें चाळीस लक्ष माणसें गुलामगिरींत होतीं. १८५० व १८६० या दोन्ही खानेसुमारींत त्यांच्या वेगळ्या याद्या केलेल्या आहेत. पण त्यांत मालकाचें नांव लिहून त्याखालीं गुलामांचें वय, लिंग व वर्ण एवढेंच नोंदलें आहे, नांव प्रायः नाहीं. मुक्त झालेल्या या लोकांचीं नांवें सरसहा प्रथम आलीं तीं १८७० च्या खानेसुमारींत. त्यामुळें आफ्रिकन वंशाचा अमेरिकन मागें मागें जाऊं लागला कीं बहुधा १८७० पाशीं येऊन जणूं भिंतीवर आदळतो. ही भिंत ओलांडण्यास एक मार्ग आहे. यादवी युद्ध संपतां संपतां, १८६५ सालीं, सरकारनें मुक्त झालेल्या लोकांच्या व्यवस्थेसाठीं फ्रीडमेन्स ब्यूरो नांवाचें खातें काढलें होतें. त्याच्या दप्तरांत मजुरीचे करार, विवाहाच्या नोंदी, शिधावाटपाच्या याद्या, शाळा व दवाखान्यांचे कागद आहेत, आणि त्यांत १८७० च्या आधींचीं नांवें आहेत. पण तीं हस्तलिखितें. सूचि नाहीं, त्यामुळें इतक्या कागदांत एक नांव सांपडणें जवळजवळ अशक्य. १९ जून २०१५ रोजीं त्यांची सूचि करण्याचें काम जाहीर झालें. सुमारें २५,००० स्वयंसेवकांनीं घरीं, ग्रंथालयांत, प्रार्थनामंदिरांत बसून एकेक पान वाचलें, आणि वर्षभरांत सुमारें १८ लक्ष नांवें शोधतां येतील अशीं करून ठेविलीं. तत्पूर्वीं २०१२ सालीं १९४० ची खानेसुमारी खुली झाली, तेव्हां दीड लक्षांहून अधिक स्वयंसेवकांनीं तिची सूचि पांच महिन्यांच्या आंत पुरी केली होती.

या कामास पदवी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं, वयहि लागत नाहीं. लागतें तें लक्ष. एका पानावर 'मेरी, वय ९' एवढें वाचून तें नीट उतरविलें, तर दीडशें वर्षांनंतर तिच्या पणतवंडांस ती सांपडते, ही जाणीव चौदा वर्षांच्या मुलासहि होते. परिषदेनें अशा कामाचें एक दालन रोज उघडें ठेवावें, व तेथें एका वृद्धाशेजारीं एक तरुण बसवावा. वृद्धास जुनें अक्षर लागतें, तरुणास नजर असते. दोघांचें मिळून एक पान होतें, आणि पान संपेपर्यंत ओळखहि होते.

प्रथमच आलेल्यास लांबलचक व्याख्यान न देतां कोरा कागद द्यावा असेंहि मला वाटतें. वंशावळीस क्रमांक देण्याची एक सुबक रीति युरोपांत फार दिवसांपासून आहे. मिखाएल आयत्सिंगर याच्या १५९० सालच्या ग्रंथांत ती आढळते. आपला स्वतःचा क्रमांक १. वडिलांचा २, आईचा ३. वडिलांचे वडील ४ व आई ५. आईचे वडील ६ व आई ७. नियम एवढाच कीं, कोणत्याहि व्यक्तीच्या क्रमांकाची दुप्पट केली कीं तिच्या वडिलांचा क्रमांक येतो, व त्यांत एक मिळविला कीं आईचा. आतां १३ हा क्रमांक कोणाचा? १३ विषम, म्हणून ती कोणाची तरी आई. एक वजा करून निम्मे केले कीं ६ येतात. ६ हे ३ चे वडील, व ३ म्हणजे आपली आई. तेव्हां १३ म्हणजे आईच्या वडिलांची आई. मुलांनीं हें कोडें ११ या क्रमांकाचें सोडवून पाहावें. दहा पिढ्या मागें गेल्यास त्या एका पिढींतच १,०२४ जागा होतात, आणि बहुतेकांच्या बहुतेक जागा रिकाम्या असतात. त्या रिकाम्या जागा पाहून जो अस्वस्थ होतो तो पुढच्या वर्षीं परिषदेस नक्की येतो.

हाच कागद आपल्या मुलांनीं भरूं लागल्यास दोन मौजेच्या गोष्टी ध्यानांत येतील. ज्या घरांत वडिलांनीं सख्ख्या मामाची मुलगी केली असेल, तेथें ५ व ६ हीं भावंडें निघतात. म्हणून १० व १२ हा एकच मनुष्य, आणि ११ व १३ ही एकच बाई. आठ पणजोबा-पणज्यांच्या जागीं सहाच माणसें मिळालीं तर हिशेब चुकला असें समजूं नये. दुसरी गोष्ट थोडी खेदाची. आपल्याकडील बहुतेक जुन्या वंशावळींत पुरुषांचींच नांवें असतात. या कागदावर मात्र निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि त्या सोडतां येत नाहींत. आमच्या इकडे लग्नांत मुलीचें आडनांवच नव्हे तर पहिलें नांवहि बदलण्याची चाल पुष्कळ घरीं होती, यामुळें पणजीचें माहेरचें नांव कागदांत शोधूनहि सांपडत नाहीं. तें ठाऊक असतें तें फक्त एखाद्या वृद्ध आत्याला किंवा मावशीला.

आणखी एक दुवा सांगण्यासारखा आहे. वर सांगितलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या संस्थेनें हरिद्वार येथील पंड्यांच्या वंशावळींच्या वह्यांचींहि मायक्रोफिल्में घेतलेलीं आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांकडेहि गांववार व घराण्यावार अशा वह्या असतात, व त्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजाची सही कधीं कधीं पाहावयास मिळते. जुन्या नोंदी पुष्कळदां मोडींत असतात. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां जुनीं दप्तरें धुंडाळतांना मोडी वाचणारांची केवढी वाण आहे हें सर्वांच्या नजरेस आलें. मोडी शिकण्यास हुशार विद्यार्थ्यास फार काळ लागत नाहीं. सुटींतले कांहीं आठवडे दिले तर बाराखडी हातीं येते, पुढें सराव.

पालकांस एक विनंति. मुलानें वंशावळ मांडावयास घेतली तर तींतील हयात माणसांच्या जन्मतारखा व आईचें माहेरचें आडनांव इंटरनेटवर उघडीं टाकूं देऊं नयेत. यांतल्याच गोष्टी पुष्कळदां ओळख पटविण्यासाठीं विचारल्या जातात. घरच्या वहींत मात्र त्या अवश्य लिहाव्या. आणि मुलानें एखादी अवघड गोष्ट विचारली, कोणी घर सोडून कां गेलें, कोणाचें नांव कां घेत नाहींत, तर लगेच त्यास गप्प बसवूं नये. सांगावयाचें नसेल तर 'पुढें सांगेन' म्हणावें, व खरोखरच सांगावें.

येत्या सुटींत ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनीं आजीला 'जुन्या गोष्टी सांग' असें म्हणूं नये. त्यावर उत्तर येतें, 'काय सांगूं बाळ, सर्व विसरलें.' लहान व नेमके प्रश्न करावे. तुझ्या माहेरच्या घरांत पाणी कोठून आणीत? तुझ्या आईला घरांत काय नांवानें हांक मारीत? लग्नानंतर तूं कोणत्या गाडीनें आलीस व बरोबर कोण होतें? या गांवांत आपल्यापैकीं सर्वांत आधीं कोण आलें, आणि कशासाठीं? जुना फोटो असेल तर तो समोर ठेवून, त्यांतील प्रत्येकाचें नांव विचारून पाठीमागें मऊ पेन्सिलीनें हलकेच लिहावें. शाईचा डाग पुढें उमटतो. उत्तर मिळेल त्याच शब्दांत लिहावें, त्याची भाषा सुधारूं नये. प्रत्येक उत्तरापुढें सांगणाराचें नांव व त्या दिवसाची तारीख घालावी. आजी एक सांगते व तिची बहीण दुसरें, असें झालें तर एकहि उत्तर खोडूं नये. दोन्ही लिहून ठेवावीं, आणि कोणतें खरें हें एखादा कागद मिळेपर्यंत उघडें राहूं द्यावें.